कपाटात मेलेली बॅटरी

गुरुजी, तुमचा राग आला म्हणून लिहिते आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण आज मला ते जमणार नाही.

किन्हीराजाकडच्या आपल्या शाळेत एक विज्ञानपेटी होती. भिंग, लोहचुंबक, काचेचा लोलक, सगळं कापसात गुंडाळलेलं. वर्षातून एकदा, दसऱ्याला, तुम्ही ती बाहेर काढायचात, हळदीकुंकू वाहायचात आणि पुन्हा कुलूप. सहावीत मी त्यातलं लोहचुंबक नुसतं उचललं तर हातावर छडी बसली. "हात नको लावू. सरकारी वस्तू हाय, फुटली म्हंजे म्या कोनाले जबाब देऊ?" लोखंड कधी फुटतं का हो? पण सातवी पास झाले तेव्हा तुम्ही खिशातलं शाईपेन काढून मला दिलंत, म्हणून आजवर तुम्हाला देवमाणूस म्हणत आले. तुमच्यामुळेच मास्तरीण झाले आणि तुमची खोडही उचलली.

मी आता मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर शिकवते. दोन खोल्या, लाईट असून नसल्यासारखी. मागच्या उन्हाळ्याआधी शाळेला तीन छोटे कॉम्प्युटर मिळाले. डब्याएवढं यंत्र, एका बल्बाइतकी वीज खाणारं, छतावरच्या सोलर प्लेटवर आणि बॅटरीवर दिवसभर चालणारं. बसवायला आलेला माणूस निघताना बजावून गेला, "मॅडम, रोज चालू ठेवजा. नुसतं ठेवून देसान तं बॅटरी ठेवल्या ठेवल्या मरते." मी मान हलवली. सुटीत चोरी नको म्हणून प्लेट उतरवली, सगळं कपाटात घातलं. शाळा उघडल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब पाहून जाऊ द्या, मंग लावू. तवर नवं राहू द्या." साहेब काही आले नाहीत. दसऱ्याला मी ते बाहेर काढलं, झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि परत आत ठेवलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, गुरुजी, याचाच संताप येतो.

चौथीतली एक मुलगी रोज विचारायची, "मॅडम, आज लावता का जी?" दिवाळीनंतर तिचं घर ऊसतोडीला जातं. जाण्याआधी तिला त्याच्यावर एकदा स्वतःचं नाव लिहायचं होतं, बाकी काही नाही. ट्रक येण्याच्या आदल्या दिवशी मी सगळं जोडलं आणि तिलाच म्हटलं, दाब बटण. तिनं दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. बॅटरी कपाटातच मेली होती, हे मला तिथल्या तिथे कळलं. पण सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि मी तिच्यावर खेकसले, "काय केलंस तू?"

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "म्या काई नाई केलं जी."

मी सगळं सोडवून परत कपाटात ठेवलं. सकाळी ती गेली.

वस्तू जपायची म्हणजे पोरांपासून जपायची, हे तुम्ही आमच्या हाडात मुरवलंत. तुम्हाला कधी माफ करेन असं वाटत नाही. पण हे पत्र टाकू कुठे? तुमचा पत्ता नाही. तिच्या बापाचा फोन नंबर मात्र हजेरीपटात लिहिलेला आहे. महिना होत आला, तुझ्या हातून काही बिघडलं नाही बाई, एवढं एक वाक्य तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही, आणि मी इथे तुमच्याशी भांडत बसले आहे.