बरणीतले पॉड

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी मशीन आलं. बसवणारे गेल्यावर परसातल्या धुण्याच्या दगडाकडे बघत उभी राहिले. या दगडापाशी अक्का आणि मी चादरी पिळायचो. समोरासमोर उभं राहायचं आणि दोघींनी आपापल्या उजवीकडे पीळ द्यायचा. माझं लक्ष नसलं की मी डावीकडे फिरवायचे. मग चादर नुसतीच गोल फिरायची, पाण्याचा थेंब पडायचा नाही. अक्का हसून हसून दगडावरच बसायची. आई आतून ओरडायची, "साकु ग आता, पुरे, वाळत घाला!"

मनगट मोडल्यापासून पिळणं बंद. म्हणून विभाने मशीन घेऊन दिलं. सोबत पॉडचा डबा. निळेहिरवे, उशीसारखे फुगीर, आत दाट साबण. बोटाने दाबलं तर जेलीसारखे.

मनात खरं दुसरंच चाललंय. २ मार्चपासून वि.ला रोज ऑफिसात जायचंय, घरून काम बंद. तिची मिनू दोन वर्षांची. एक तर हूटगळ्ळीत त्यांच्या घराजवळचं पाळणाघर, नाहीतर इथे माझ्याकडे. वि. म्हणाली, "बघू आई. आधी तुझं मनगट." मी हो म्हटलं. पण मिनूची दुपारची गादी कुठे घालायची ते ठरवूनसुद्धा झालंय.

५ फेब्रु., गुरुवार

पहिलं धुणं फसलं. पॉड पावडरच्या कप्प्यात ठेवला. धुणं संपलं तरी निम्मा तिथेच, शेंबडासारखा चिकटलेला. फोन केला तर वि. म्हणते, "कप्प्यात नाही ग आई, ड्रममध्ये. आधी पॉड, मग त्यावर कपडे."

दुसऱ्यांदा मीच शहाणपणा केला. एकटीचे चार कपडे, त्याला अख्खा पॉड कशाला? कात्रीने अर्धा करायला गेले. चिळकांडी उडाली ती चष्म्यावर. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. हे वि.ला सांगितलं नाही.

डब्याचं झाकण फार घट्ट, दाबून फिरवावं लागतं, मनगट ठणकतं. शिवाय आईचा नियम: दुकानातली वस्तू दुकानाच्या डब्यात ठेवायची नाही. मुंग्या होतात. घरात आली की बरणीत. पेपरमिंटं संपलीच होती. ती काचेची बरणी धुऊन, पुसून पॉड तिच्यात ओतले. खालच्या फळीवर ऊन येतं तिथे ठेवली. फार छान दिसतात.

८ फेब्रु., रविवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

वि. आणि मिनू सकाळी आल्या. मी ओट्याशी, वि. बाहेर फोनवर. मिनूची रविवारची सवय: आल्या आल्या बरणी. मागून आवाज आला, "अज्जी, बेकु." हवंय म्हणे. मी पुऱ्या लाटत होते. मान न वळवता म्हणाले, "एकच हं, राणी."

एकच हं.

वि. धावत आली तेव्हा पॉड मिनूच्या मुठीत होता. हात ओला, वरचा पापुद्रा विरघळून बोटं बुळबुळीत. मूठ तोंडाशी. वि.ने हिसकून घेतला, नळाखाली हात धुतला, तोंडात बोट घालून पाहिलं, वास घेतला. काही गेलं नव्हतं. देवा, काही गेलं नव्हतं.

मिनू खाऊ काढून घेतला म्हणून रडत होती. वि. रडत नव्हती.

"आई, तोंडात फुटला असता तर?"

मी म्हटलं, मला वाटलं पेपरमिंटच...

"तूच दिलंस ना आजवर त्या बरणीतून! तिला काय कळणार?"

जेवायला थांबल्या नाहीत. पुऱ्या तशाच.

९ फेब्रु., सोमवार

रिकामा डबा टाकला नव्हता, एवढं नशीब. भिंग घेऊन बसले. सगळं लिहिलेलं आहे. लहान अक्षरात, पण आहे. कोरड्या हाताने घ्यायचा. कापायचा नाही, फोडायचा नाही. दुसऱ्या भांड्यात काढायचा नाही. दर वेळी झाकण टक् वाजेपर्यंत लावायचं. मुलांच्या नजरेला पडेल असा ठेवायचा नाही. तोंडात गेलाच तर उलटी काढायला जायचं नाही, तोंड धुवायचं आणि लगेच डॉक्टर. डोळ्यात गेला तर पुष्कळ पाण्याने धूत राहायचं.

झाकण घट्ट का, ते आता कळलं. माझं मनगट ज्याने अडतं, त्यानेच मिनूची मूठ अडते.

हुणसूरहून अक्काचा फोन. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग, "कॉन्व्हेंटात जाऊन इंग्रजी शिकलीस तू, आणि डबा वाचला नाहीस? मी मेली सरकारी शाळेतली, खताच्या पोत्यावरचंसुद्धा वाचते!"

"अक्का, थट्टा नको ग."

"बरं, नाही करत. पण शालू, रडत बसू नको. पोरीला तुझं रडणं नकोय, तिला तुझा भरवसा हवाय. तो दे आधी."

१२ फेब्रु., गुरुवार

पॉड परत डब्यात. कोरड्या हाताने, एकेक. डबा मशीनवरच्या उंच कपाटात. डबा आता पोटाशी धरते, उजव्या हाताने झाकण दाबून फिरवते, मोडका हात नुसता टेकवते. जमतं.

आज धुणं नीट झालं. आधी पॉड ड्रमच्या तळाशी, वर कपडे, वरती हात आत जाईल एवढी जागा रिकामी. एकच पॉड. ब्लाउजचे गळे स्वच्छ, बुळबुळ नाही. शाळेत शिवणाच्या तासाला टाका सरळ आला की सिस्टर बोटाने पाठीवर शाबासकीची टिचकी मारायच्या. आज कुणी मारावी असं वाटलं.

वि.चा मेसेज: "पाळणाघरात जागा आहे. रविवार १ तारखेपर्यंत सांगायचंय." एवढंच. मी लिहिलं, "बरं." मग खोडलं. मग परत तेच लिहिलं.

१७ फेब्रु., मंगळवार

दाराला कडी लावून (शेजारची लता बघेल तर काय म्हणेल) घरभर रांगले. मिनूच्या उंचीवरून घर बघायचं म्हणून. गुडघे बोंबलले. बंबाशेजारी फिनेलची बाटली. गॅसच्या खाली काड्यापेटी. आणि लाकडी पेटी! तिला कुलूप नाही, झाकण हलकं. आत आईच्या, माझ्या साड्या आणि घड्यांमध्ये डांबराच्या गोळ्या. पांढऱ्या, गोल. हुबेहूब पेपरमिंट.

जमिनीवर बसूनच राहिले. पॉड दिसले तरी होते. या गोळ्या इतकी वर्षं मला दिसल्याच नव्हत्या.

फिनेल, काड्यापेटी वर गेली. गोळ्या सगळ्या वेचून बाहेर. पेटी रिकामी करायची. साड्या अशाही कुणासाठी ठेवल्यात? मीच देऊन टाकेन, हाताने.

२२ फेब्रु., रविवार

वि. आली. एकटीच, न सांगता. मिनू तिच्या बाबापाशी, गिरीशकडे.

आली तेव्हा मी पलंगपोस, दोन्ही चादरी आणि टॉवेल एकदम कोंबले होते. तिला दाखवायचं होतं ना, किती कपडे धुते! धुणं संपलं तर एका चादरीला पॉडचा पापुद्रा चिकटलेला.

"आई, इतकं भरायचं नसतं. पाणी फिरायला जागा नको का?"

"हात जाईल एवढी. माहितीय मला. आज मिरवायला गेले."

ओठांच्या कोपऱ्यात हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

चादर दगडावर नेऊन चोळून धुतली. पिळायला दोघी समोरासमोर. तिने आयुष्यात चादर पिळलेली नाही. मी उजवीकडे, ती डावीकडे, चादर गरागरा फिरतेय आणि थेंब पडत नाही.

"आई, हे काय होतंय?"

मला हसू आवरेना. "तुझ्या उजवीकडे ग, तुझ्या!"

"मग तू डावीकडे कर ना!"

"म्हणजे परत तेच!"

पाणी पडलं तेव्हा दोघींच्या पायांवर पडलं. "मनगट, हळू," म्हणाली. पण पीळ सोडला नाही.

मग तिने घर पाहिलं. मी दाखवलं नाही, तिनेच पाहिलं. कपाट, डबा, झाकण. वाकून गॅसखाली. रिकामी पेटी बघून, "साड्या कुठायत?" डांबराच्या गोळ्यांचं सांगितलं. ती खाली बसली. मग, "आई, माझ्याही घरी गोळ्या आहेत. खालच्या ड्रॉवरमध्ये."

कात्रीचं, डोळ्याचंही सांगून टाकलं. रागावली. मग चहा केला तिने. जाताना म्हणाली, "सांगते. गिरीशशी बोलायचंय. तुला होईल का दिवसभर, तेही आहे." होईल, असं मी म्हटलं नाही. म्हटलं, "जेवढं होईल तेवढं खरं सांगेन."

१ मार्च, रविवार

सकाळपासून फोनकडे बघत नाही. बघते, पण उचलत नाही.

दुपारी साड्यांच्या घड्या घातल्या. उद्या जे होईल ते होवो, वाटणी आजच लिहून ठेवते. मिनू इथे आली काय, पाळणाघरात गेली काय, रविवार तरी माझा आहे.

आईचं जांभळं नऊवारी लुगडं अक्काला. ती नेसणार नाही, पण उशाशी ठेवेल. येत्या आठवड्यात बसने हुणसूरला मीच नेऊन देईन.

माझी लग्नातली म्हैसूर रेशमी विभाला. ही मशीनमध्ये नाही आणि पॉडने तर मुळीच नाही, हे तिला बजावून.

सुती सहा लताला. त्यातली पिवळी तिला आवडते, मागायला लाजते.

पेपरमिंटची बरणी अक्काला, लोणच्यासाठी. या घरात ती परत नको. मिनूच्या डोळ्यांत तिचा अर्थ एकच आहे, आणि तो मीच घातला. यापुढे खाऊ माझ्या हातातून, तोंडाकडे बघून.

लाकडी पेटी धुऊन, चार दिवस उन्हात तापवून आत घेतलीय. मिनूच्या खेळण्यांसाठी. झाकण काढून टाकलंय, बोटं सापडायला नकोत.

मशीनवरच्या कपाटाला देवराज मोहल्ल्यातून कुलूप आणलं. किल्ल्या दोन. एक माझ्या गळ्यात. दुसरी विभाला, आजच, ती काहीही ठरवो.

आणि मिनू

फोन वाजतोय. विभाचा.