दोन लाखांनी पाहिलेली वाट

सें-मालवेन, ३ मार्च

चि. सौ. ओडिल हिस,
आर्मेलदादाचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा बरा आहे असं धरून चालतो. बरा नसता तर एव्हाना चार पानं आली असती.

इकडे नदीने पात्र बदललंय. ओहोटीला आपण बुरुजाच्या खडकापर्यंत सरळ चालत जायचो, त्या वाटेवर आता मधोमध रुतणारी वाळू आहे. परवा माझी काठी दोन हात आत गेली, तरी तळ लागला नाही. वीस वर्षं मी लोकांना ही खाडी पार करून देतोय, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

नवी वाट रोज सकाळी चित्रित करून आमच्या संकेतस्थळावर चढवतो. हो, त्याच मोफत, खुल्या स्थळावर, जे आम्ही सहा वाटाडे शाळेतल्या जुन्या संगणकावर चालवतो. व्हिडिओवाल्या मोठ्या कंपनीकडे मी परत जाणार नाही. तिथे भरतीची वेळ सांगायच्या आधी चपलांची जाहिरात लागायची. कालचा व्हिडिओ अकरा वेळा पाहिला गेला. त्यात एकदा तू, आणि तीनदा मीच, नीट चालतोय का बघायला.

एनोराला मामाचा गोड पापा. अभ्यास करते म्हणावं की नुसतीच भटकते?

तुझा,
आर्मेलदादा

रेन, ८ मार्च

ती. आर्मेलदादास,
ओडिलचा सा. न. वि. वि.

एकदा नाही, दोनदा. तुझा व्हिडिओ मध्येच अडकला म्हणून मी पुन्हा लावला.

चेष्टा पुरे. दादा, लोक येत नाहीत कारण तुझ्या दारापर्यंत मुद्दाम चालत यावं लागतं. पत्ता माहीत हवा, तो टाइप करायला हवा. माणसं व्हिडिओ शोधत बसत नाहीत रे, समोर येईल तो बघतात, आणि समोर आणून ठेवणारं तुमच्याकडे कुणी नाही. चार जण दिसले की पाचवा थांबतो. तुझ्याकडे ते चारच नाहीत.

काल मी खाडीचं नाव टाकून शोधलं. तुझं नवं काही आलं नाही. सगळ्यात वर तूच होतास, पण सहा वर्षांपूर्वीचा, मोठ्या कंपनीकडचा, दोन लाख लोकांनी पाहिलेला. त्याच जुन्या वाटेने चालतोयस, हसतोयस आणि म्हणतोयस, "घाबरू नका, माझ्यामागून सरळ चला." तो आजच्या आज काढ.

पत्र मिळताच कळव. माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझी,
ओडिल

सें-मालवेन, १३ मार्च

चि. सौ. ओडिल हिस,
अनेक आशीर्वाद.

तो काढला तर मला शोधणार कोण? त्याच्याखाली मी नव्या स्थळाचा पत्ता लिहिलाय. जगाला दिसणारी माझी तेवढीच एक पाटी आहे. ती उतरवली की अकराचे सुद्धा पाच होतील. शिवाय, खरं सांगतो, तो व्हिडिओ माझा चांगला जमलाय.

इथवर लिहून ओहोटीला गेलो होतो. आता परत आलोय. जुन्या वाटेवर, बरोबर रुतणाऱ्या जागी, एक गमबूट सापडला. लाल, बायकी मापाचा, एकच. आजूबाजूला पावलं नाहीत, भरतीने पुसली असणार. पोलिसांना विचारलं, तर कुणी बेपत्ता नाही म्हणतात. पण बेपत्ता झाल्याचं सांगायला मागे कुणीतरी असावं लागतं ना? ओडिल, मी फार घाबरलोय.

तुझा,
दादा

रेन, १५ मार्च

दादा,
त्या बुटाचा जोडीदार आमच्या दारामागे आहे. फोनवर मला एवढंच सांगता आलं, बाकीचं लिहिते.

एनोरा सुखरूप आहे. रविवारी दोन मैत्रिणींबरोबर मला न सांगता खाडीवर गेली होती. छातीपर्यंत रुतली. मैत्रिणींनी वाळूवर आडव्या पडून, कोट फेकून तिला ओढून काढलं, तेव्हा पाणी दिसायला लागलं होतं. पाच दिवस तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा रडली. मी विचारलं, मामाला एक फोन का नाही केलास? ती म्हणाली, "आई, फोन कशाला? मामा हातातच होता. सरळ चल म्हणत होता."

मी तुला दोष देत नाही.

तुझी,
ओडिल

सें-मालवेन, २१ मार्च

चि. ओडिल, चि. एनोरा,
दोघींना आशीर्वाद.

तो व्हिडिओ मी तुझा फोन आला त्याच दिवशी काढला. मग शोधून पाहिलं, तर दुसऱ्या सात ठिकाणी तोच आहे. कुणीही न्यावा, कुणीही वाटावा, असं मीच त्याखाली लिहून ठेवलं होतं. आमचं तत्त्वच ते. नव्यांखालीही तेच लिहिलंय, पण ते कुणी नेले नाहीत. सातही जणांना पत्रं घातली. एकाचं उत्तर आलं, ते आभाराचं.

नाक मुठीत धरून मोठ्या कंपनीकडे परत गेलो आणि वाट मोडल्याचा व्हिडिओ चढवला. चपलांच्या जाहिरातीसकट. तो चाळीस जणांनी पाहिलाय.

म्हणून आता प्रत्येक ओहोटीला जुन्या वाटेच्या तोंडाशी मी स्वतः उभा राहतो. काल एक जोडपं आलं. मी हात आडवा केला, काठी रोवून दाखवली, पुढे जाऊ नका म्हणालो. बाईने हातातल्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नवऱ्याला म्हणाली की हा म्हातारा काहीतरीच सांगतोय, यात तर सरळ चला म्हणताहेत.

तिच्या फोनमधून माझाच आवाज येत होता.

तुमचा,
दादा