बाबांच्या अल्बमची पूर्वतयारी

१५ एप्रिल
काल जयंतीला बाबा तीन तास गायले. वय एकाहत्तर. शेवटी आवाज बसला, तरी लोक उठेनात. येतानाच ठरवलं, बाबांची सगळी गाणी रेकॉर्ड करायची. चाळीस तरी असतील, सगळी त्यांनीच रचलेली. कागदावर एकही नाही. त्यांची शाळा दुसरीतच सुटली. अल्बम काढायचा. प्रोफेशनल. प्रोड्यूसर : बुद्धभूषण, म्हणजे मी. चिंचोळी एमआयडीसीतली स्टोअरकीपरची नोकरी तात्पुरती आहे. चौदा वर्षं झाली, पण तात्पुरतीच.

१९ एप्रिल
आसिफच्या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात गेलो. शाळेपासूनचा मित्र. म्हणाला, आज संध्याकाळी फोनवरच करून टाक की. साध्या माणसाचा साधा विचार. सोळा जीबी रॅमच्या नव्या लॅपटॉपशिवाय कामाला हात लावायचा नाही.

२ मे
रॅम ठरली. प्रोसेसरवर गाडी अडली. चौदा व्हिडिओ पाहिले. सात म्हणतात हा घ्या, सात म्हणतात तो. दुपारी बाबा दारात येऊन म्हणाले, आज गळा जरा बरा हाय, बसायचं का? म्हटलं, घाई नको. बरं म्हणाले. आवाज अजून घोगराच आहे. एका परीने चांगलंच, विश्रांती मिळतेय.

२१ मे
ऊन त्रेचाळीस. पत्र्याखाली नवा लॅपटॉप तापेल, म्हणून जूनपर्यंत थांबायचं. हा टेक्निकल निर्णय आहे, आळस नव्हे. बायको, मनाली, म्हणते, लॅपटॉपचं राहू द्या, आधी त्यांना घशाच्या डॉक्टरकडे न्या. बायकांना काळजीची सवयच असते. गायकाचा आवाज बसतोच. हळद-मध चालू केलं.

८ जून
लॅपटॉप आला! बाबांनी पंच्याच्या टोकाने पुसला आणि विचारलं, ह्यात कुटनं गायचं? लई हसलो. मग समजावलं की माइक लागतो, आणि माइक आणि लॅपटॉपच्या मध्ये एक डबा लागतो, त्याला इंटरफेस म्हणतात. दोन इनपुटचा की चार? ढोलकी धरली तर चार. चारवाला सध्या स्टॉकमध्ये नाही. थांबू.

१ जुलै
इंटरफेस आला. माइक बघायला पुण्याला जाऊन आलो. दोन आवडले, एकही घेतला नाही. त्याच दिवशी मनाली बाबांना दवाखान्यात घेऊन गेली, मला न विचारता. घशात गाठ आहे म्हणे. तुकडा तपासायला पाठवलाय. साधीच असेल.

९ जुलै
कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागणार. मी डॉक्टरांना विचारलं, ऑपरेशननंतर किती दिवसांनी गाता येईल? मनालीने दंडाला धरून बाहेर आणलं. ऑपरेशन सोळाला. म्हणजे सात दिवस. रोज सहा गाणी. बसतं गणित. माइक मागवला.

११ जुलै
बाबा ओट्यावर बसून हळू आवाजात गुणगुणत होते. मनाली म्हणाली, आता तरी फोन लावा हो. मी म्हटलं, असल्या आवाजात, रिक्षांच्या गोंगाटात बाबांचं नाव खराब करायचं नाही. फोन तिच्या हातात होता. तिने तो खाली ठेवला.

१४ जुलै
माइक आला. केबल वेगळीच निघाली. आसिफने स्वतःची आणून दिली. संध्याकाळी बाबा धुतलेला सदरा घालून माइकसमोर बसले. दोन ओळी गायले, मग खोकला. रुमालावर रक्त. लगेच थांबवलं. नंतर लक्षात आलं, इंटरफेसचा ड्रायव्हर, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपमध्ये टाकायचंच राहिलं होतं. काहीच रेकॉर्ड झालं नाही. तशी ती टेस्टच होती.

१६ जुलै
ऑपरेशन झालं. यशस्वी म्हणतात.

२० ऑगस्ट
आज सगळा सेट अप पक्का झाला. आवाज एकदम स्वच्छ येतो. बाबांची गाणी मीच गाऊन रेकॉर्ड करायची ठरवलं. त्यांच्या आईवरचं गाणं आधी. ‘शाळेच्या पायरीला आई बसली उन्हात’. पुढची ओळ आठवेना.

बाबा कॉटवरून उठून समोर येऊन बसले. ओठांनी सांगायला लागले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा. मी विचारलं, पाटी? मान हलवली, नाही. पदर? नाही. मनाली म्हणाली, भाकरी? नाही. मांडीवर ताल धरून ते पुन्हापुन्हा तीच ओळ सांगत राहिले. सावकाश, लहान पोराला शिकवावं तशी. तासभर. मग थांबले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जाऊन आडवे झाले. मनाली मोरीत तोंड धूत राहिली, बराच वेळ.

ओठ नीट दिसत नाहीत, हा मुख्य प्रॉब्लेम आहे. चांगला कॅमेरा लागेल. तीन मॉडेल बघून ठेवली आहेत. घाई करायची नाही.