आमची माती सोन्यासारखी

४ जानेवारी
सुनेला सातवा महिना लागलाय, म्हणून मुलगा आणि सून भाड्याची जागा सोडून आमच्याकडे येणार. परसात दोन खोल्या वाढवायच्या, म्हणजे नवा सेप्टिक टँक आला. मुलगा म्हणतो, आधी माती तपासायला एक्स्पर्ट बोलवू. घरात एक्स्पर्ट बसलाय, तो दिसत नाही. अख्खी नोकरी मृदा खात्यात काढली मी. आवक-जावकच्या टेबलावर होतो म्हणून काय झालं? गावोगावची माती माझ्या हाताखालून गेली. कागदावर असली तरी मातीच ती.
संकल्प : टेस्ट मी स्वतः करणार.

६ जानेवारी, सकाळ
टेस्ट केली. म्हणे खड्डा आदल्या दिवसापासून भिजवून ठेवायचा असतो. रिकामटेकड्यांचे धंदे! गुडघाभर खणलं, बादली ओतली. मोजपट्टी काढेपर्यंत पाणी गडप. अशी गुणी माती जन्मात पाहिली नाही. हिला बोलावून दाखवलं. ही म्हणाली, गेलं कुठे ते पाणी? म्हटलं, खाली. तर म्हणते, खाली आपली विहीर आहे. हिला जमिनीखालचं काय कळतं!

९ जानेवारी
चिरंजीवांनी माझ्या परस्पर मातीवाली बोलावली. सुनेच्या वयाची पोरगी. पुरुषभर खड्डा काढायला लावला, आत उतरली, ओल्या मातीची गोळी वळून पाहिली. वळेना. म्हणाली, काका, ही निव्वळ वाळू. पाणी इतकं भरभर उतरलं तर माती ते गाळणार कधी? मैल्यातलं नायट्रेट सरळ विहिरीत जाईल. इथे साधा शोषखड्डा नको, टँकपुढे शुद्धीकरणाचं युनिट बसवा. त्यात नायट्रेटचा वायू होऊन उडून जातो. उद्या घरात तान्हं बाळ येईल, त्याला तर ते पाणी विषच.
मी विचारलं, अनुभव किती? सहा वर्षं म्हणाली. मी नुसता हसलो. पाणी मुरतंय ते डोळ्यांना दिसतंय. हातच्या काकणाला आरसा कशाला?
जेवताना मुलाशी वाजलं. मी ताट सारून उठलो. मुलगा खाली मान घालून जेवत राहिला. पटलं असावं.

२ फेब्रुवारी
शोषखड्डा तयार. विहिरीच्या वरच्या अंगालाच घेतला, पाइप कमी लागला. याला म्हणतात प्लॅनिंग.

१७ मार्च
गेल्याच आठवड्यात मुलगा-सून नव्या खोल्यांत आले, आज नातू झाला! कपाळ थेट माझं.

२० मे
सुनेला दूध पुरत नाही, बाळाला पावडरचं सुरू केलं. त्यासाठी ती विकतचं पाणी आणायला निघाली होती. दारात विहीर असताना? मी स्पष्ट नाही म्हटलं. पण मीही काही निष्काळजी नाही. नवा नियम : बाळाचं पाणी आजोबा उकळणार. नुसती उकळी नव्हे, निम्मं आटेपर्यंत.

१ जून
सून म्हणते, बाळाचे ओठ काळसर दिसतात. आमच्या घराण्यात सगळेच सावळे. पाणी आणखी जास्त वेळ उकळायचं ठरवलं.

३ जून, दुपार
हॉस्पिटल. बाळ सकाळी निळं पडलं. नखंसुद्धा.
डॉक्टरांनी आधी काय विचारावं? पाणी कुठलं देता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठणकावून सांगितलं, विहिरीचं, पण निम्मं आटवून. डॉक्टर म्हणाले, आजोबा, उकळून जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटलं तरी ते तेवढंच राहतं. तुम्ही त्याला दुप्पट पाजलंत.
इंजेक्शन दिलं. हळूहळू रंग परतला.
डॉक्टर फारच तरुण आहेत.

८ जून
विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आला. नायट्रेट मर्यादेच्या खूप वर. लॅबची चूक असणार, दुसरा नमुना नेऊन द्यायचं ठरवलं. ही म्हणाली, खुशाल द्या. आणि कळशी घेऊन चढावरच्या शेजाऱ्यांकडे पाण्याला गेली.

१५ जून
मुलगा-सून पुन्हा भाड्याच्या जागेत गेले. मी म्हटलं, तात्पुरतंच ना? सून दुपट्यांच्या घड्या घालत राहिली. मुलगा म्हणाला, बाबा, टेम्पो थांबलाय.

२९ जून
मातीवाली परत आली. मुलानेच बोलावली. शोषखड्डा बुजवला, युनिटची जागा आखली. टोमणा मारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. ती एवढंच म्हणाली, काका, जरा बाजूला सरता का? मी युनिटबद्दल दोन सूचना केल्या. मुलगा म्हणाला, तुम्ही आत जाऊन बसा.
आत जाऊन बसलो.

१२ जुलै
आम्ही दोघं नातवाला बघायला गेलो. सुनेने या बाबा म्हटलं, बाळ मांडीवर दिलं. गुटगुटीत झालाय. माझा चष्मा ओढला, हसला. मग भुकेने रडू लागला. टेबलावर दुधाची बाटली भरून ठेवलेली होती. मी हात पुढे केला. सुनेने आधी बाटली उचलली, मग बाळही घेतलं. म्हणाली, राहू दे बाबा, मी पाजते.
आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, काहीतरी बोलता आलं असतं.
ती पाठमोरी बसून पाजत होती. बाळाचा घुटक घुटक आवाज येत होता. ही म्हणाली, चला, बसची वेळ झाली. बसला खूप अवकाश होता. तरी उठलो.