शिवेवरच्या धोंड्याची नोंद

सोमवार, ४ फेब्रुवारी १९३५. थ्रेक्सबी.

सर्वप्रथम या गावाविरुद्धची माझी तक्रार लेखी नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढच्या पिढ्या अंधारात राहायला नकोत. माझं शाईचं पेन जप्त झालं आहे. ज्या पेनानं मी तेवीस वर्षं लंडनच्या एका साप्ताहिकात मंत्र्यांची आणि बिशपांची सालटी काढली, ते पेन मिस ऑकले नावाच्या पासष्टीच्या बाईंनी मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटांत धरलं आणि चर्चच्या मागच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद केलं. जुन्या नोंदवह्यांजवळ शाई चालत नाही. म्हाताऱ्या राणीच्या राज्यात कुणा संशोधकानं १६४० सालच्या लग्नांवर दौत उपडी केली आणि अकरा जोडपी एका क्षणात अविवाहित झाली, असं त्यांनी काल घडल्यासारखं सांगितलं. पेन गाव सोडताना मिळेल. तोवर मला अंगठ्याएवढा पेन्सिलीचा तुकडा मिळाला आहे, तोही उसना. जाताना परत करायचा आणि टोक करून परत करायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं. गावच्या दुकानात बूट मिळतात, डुकराची चरबी मिळते, सापळे मिळतात. लिहायचं साधन मात्र मिळत नाही. तेव्हा ही रोजनिशीही त्याच तुकड्याच्या कृपेवर.

बाकी सगळं झकास. हवा कडाक्याची पण कोरडी. माझी लेक रोझमंड वीस तारखेच्या सुमारास बाळंत होणार आहे, आणि आजोबा म्हणून चांदीचा चमचा देण्यापेक्षा वंशवृक्ष द्यावा, असं मी ठरवलं आहे. (चमचा महाग असतो.) अडचण पणजोबांपाशी येते. जोब मेअरस्टोन. लग्नाच्या नोंदीत ‘जन्म थ्रेक्सबी’ एवढंच, त्याच्या मागे धुकं. आमची आत्या म्हणायची, तो एका लॉर्डचा अनौरस मुलगा. वडील म्हणायचे, जहाजाच्या कप्तानाचा. माझी पैज घोडेचोरावर आहे.

उतरलो आहे मिसेस टपलिनबाईंकडे. बाई मला ‘राजा’ म्हणतात. चोपन्नाव्या वर्षी हे सुख परवडण्याजोगं आहे. थ्रेक्सबी आणि कोल्डविक या दोन गावांची शीव यांच्या घरातूनच जाते, माझ्या खोलीच्या फरशीवर पितळी खिळ्यांची रांग आहे. दरवर्षी पाद्री आणि सारं गाव शीव चालत येतं, खिडकीतून आत शिरतं, आणि शीव पावरोटीच्या भट्टीतून जाते म्हणून एकाला तरी भट्टीतून पलीकडे ढकलावं लागतं. एका साली खाटीक अडकला, म्हणे. तो अर्धा अडकलेला असताना दोन्ही गावांत वाद झाला, कर कुणाला द्यायचा.

माझं डोकं थ्रेक्सबीत झोपतं, पाय कोल्डविकात.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

सापडला! जानेवारी १७८७, बाप्तिस्मा: ‘जोब. शिवेवरच्या धोंड्यापाशी मिळालेलं पोर. म्हणून मेअरस्टोन.’ या भागात शिवेच्या धोंड्याला तेच म्हणतात. चर्चच्या ओसरीत सापडलं की आडनाव ओसरीचं, पुलाखाली सापडलं की पुलाचं. लॉर्ड गेला, कप्तान बुडाला, माझा घोडेचोरसुद्धा पळाला. मिस ऑकले म्हणाल्या, इथं येणारे सगळे ड्यूक शोधायला येतात आणि डुकरं राखणारा घेऊन परत जातात; तुम्हाला तर तेवढाही मिळाला नाही. आणि पेन्सिल चावू नका.

त्या खुशीतच परतलो. दिवस मावळत होता. टपलिनबाईंच्या फाटकाशी एक बाई उभी होती. शाल, अनवाणी पाय, दिवस अगदी भरलेले. दोन्ही हातांनी पोट असं धरलं होतं, जणू कुणी हिसकावून नेईल. तिनं विचारलं, हे कुठलं गाव. मी म्हणालो, तुम्हाला कुठलं हवं आहे? ती म्हणाली, जे ठेवून घेईल ते. मी मजेत होतो. म्हणालो, बाई, मी इथला नव्हे; शीव ओलांडा, पलीकडे विचारून बघा. मोठ्या ऐटीत हातानं वाटही दाखवली.

ती त्या वाटेनं गेली.

जेवताना हे टपलिनबाईंना सांगितलं. त्यांचा डाव भांड्यातच थांबला. तू तिला पलीकडे पाठवलीस का, एवढंच त्यांनी विचारलं. मग उठून भट्टीचं दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, जेव राजा, कोबी निवतोय.

बुधवार, ६ फेब्रुवारी

सकाळी जाग आली तेव्हा पलंग सबंध खिळ्यांच्या पलीकडे होता. टपलिनबाईंचा झाडू जोरदार दिसतो.

मिस ऑकलेंनी आज स्वतःहून वेगळं बाड काढून दिलं. गावच्या गरिबांवर देखरेख ठेवणाऱ्या कारभाऱ्याची वही. त्या काळी पोर ज्या गावात जन्मेल त्याच्या गळ्यात जन्मभर पडायचं, खाणंपिणं, कपडा, सगळं. म्हणून हे गृहस्थ पोटुशा भिकारणींवर कोल्ह्यासारखी नजर ठेवायचे. १७ जानेवारी १७८७ची पानं मी तीनदा वाचली:

‘भटकी बाई, कळा सुरू. शीव ओलांडून कोल्डविकात पोचवली. गाडी एक, माणसं दोन, बांधायला दोर, बिअर.’

‘कोल्डविकवाल्यांनी परत आणून टाकली. पुन्हा पोचवली. बिअर.’

‘परत आणली. पुन्हा पोचवली. बिअर.’

दिवसभर. सात खेपा. शेवटी: ‘पोर धोंड्यावरच झालं, दोन्ही गावांची माणसं हजर. बाई मेली. पोर सहा-सहा महिने वाटून घेण्याचं ठरलं.’

बाई कुठे पुरली ते नाही. नाव नाही. थ्रेक्सबीच्या दफनाच्या वहीत त्या महिन्यात दोन म्हातारे आणि एक लोहार. खेपांवर मला एक चांगला विनोद सुचला होता. लिहीत नाही.

पोस्टात गावातला एकुलता एक टेलिफोन आहे. तिथं जावयाचा, ह्यूचा निरोप. रोझमंडला पंधरा दिवस आधीच कळा सुरू झाल्या. काल संध्याकाळी. मग थांबल्या. मग पुन्हा सुरू. घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणतात.

काल संध्याकाळी म्हणजे कधी, हे विचारायचं मी टाळलं.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

पलंग आज पुन्हा थ्रेक्सबीत. झाडूची थाप मी आता स्वतःलाच मारत नाही.

कोल्डविकला चालत गेलो. तिथल्या पाद्र्यांनी चहा दिला, वही दाखवली. त्यांच्याकडेही ती नाही. ते म्हणाले, ती थ्रेक्सबीची असणार. थ्रेक्सबीचे पाद्री काल म्हणाले होते, ती कोल्डविकची असणार. दोघांची बिस्किटंसुद्धा एकाच दुकानातली.

परतताना मागून गाडी आली. एक चाक घासत होतं. मी बाजूला झालो. आवाज माझ्या अंगावरून गेला, रस्ता मात्र रिकामा. गोठलेल्या मातीत चाकोरी उमटत पुढे जाताना मी पाहिली. तासाभरानं तीच गाडी उलट आली. मी घड्याळ काढून वेळा लिहून घेतल्या. का, ते माहीत होतं आणि मान्य नव्हतं.

पोस्टात जाऊन ह्यूला वेळा विचारल्या. तो चिडला, म्हणाला, बाबा, तुम्ही आताही हिशेब काय मांडता? पण त्यानं सांगितल्या. गाडी कोल्डविककडे जाते तेव्हा कळा चढतात. वळते तेव्हा विरतात. पोर खाली येतं आणि मागे सरतं. डॉक्टरांनी असं कधी पाहिलेलं नाही. रोझमंड तापात एकच बोलते आहे: मला परत फिरवू नका.

टपलिनबाईंना धरून बसवलं. तेव्हा बोलल्या. दोन्ही गावांत सगळ्यांना ठाऊक आहे. ती फाटकाशी येते, विचारते, आणि तोंड उघडायचं नाही, हे आईच्या दुधाबरोबर शिकवतात. हो नाही, ना नाही. दीडशे वर्षं कुणी उत्तर दिलेलं नाही. मी ओरडलो, मग आत का नाही घेतली कुणी? त्या शांतपणे म्हणाल्या, आत घेतली की ती त्या घराची होते, राजा. मग तिचं सगळं त्या घरानं निस्तरायचं. कोण निस्तरणार? आणि दीडशे वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःच्या रक्ताला विचारलं, आणि तू बोट दाखवलंस पलीकडे. मग हुंदका देऊन म्हणाल्या, लंडनची माणसं तुम्ही, तोंड गप्प ठेवणं तुम्हाला कसं जमणार.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

आज धोंड्यापाशी जागा झालो. अनवाणी. कसा आलो ते— चिखल गुडघ्यापर्यंत, आणि मनगटांवर दोराचे वळ.

थ्रेक्सबीच्या पाद्र्यांपुढे गुडघे टेकले. मी. म्हणालो, दफनाच्या वहीत एक ओळ घाला, ती आमची होती म्हणा. ते म्हणाले, वही हा कायदेशीर कागद आहे, मेअरस्टोनसाहेब. ती या गावची असल्याचा पुरावा आणा.

कोल्डविकचे पाद्री तेच म्हणाले. तेच शब्द. चहासुद्धा.

मंगळवारपासून गाडी कोल्डविककडे सहा वेळा गेली. रोझमंड आता ओरडत नाही, असं ह्यू म्हणाला. फोनवर रडला.

फाटकाशी संध्याकाळभर उभा राहिलो. ये म्हणून हाका मारल्या. आली नाही. एकदा पाठवली की ती पुन्हा कशाला विचारेल.

शनिवार, ९ फेब्रुवारी. सकाळ.

डॉक्टर म्हणतात, आई आणि बाळ, दोघांपैकी एकच वाचेल. फार तर संध्याकाळपर्यंत. तेही दैव असेल तर.

कालपर्यंत गाडी सहा वेळा. आज एकदा गेली आहे. सातवी खेप. त्या वेळी सातव्या खेपेनंतर—

दुपार.

मिस ऑकलेंना सगळं सांगितलं. हसल्या नाहीत. चष्मा पुसला. म्हणाल्या, चाळीस वर्षांत मी हे कपाट उघडं टाकून कधी गेलेली नाही, आणि आजही जाणार नव्हते, पण कोंबड्यांना दाणा घालायचा राहिला आहे. १७८७ची दफनाची वही टेबलावर होती. जानेवारीचं पान. लोहाराच्या खाली एक ओळ रिकामी. वर माझं पेन.

दारातून वळून त्या म्हणाल्या, पेन्सिलीनं लिहिलेलं खोडता येतं.

लिहिलं. नाव माहीत नाही, कुणीच विचारलं नव्हतं. ‘जोबची आई. मेअरस्टोनांच्या घरची. तिचं सगळं आमच्याकडे.’ खाली सही. पाच दिवस बंद राहिलेल्या पेनात तेवढीच शाई होती. शेवटचं अक्षर कोरडंच उमटलं.

गाडी येते आहे. कोल्डविककडून.

नेहमी चर्चवरून पुढे जाते—

थांबली.

मिस ऑकले पोस्टातून धावत आल्या, खिडकीतून बोलल्या. दाराकडून येईनात. ह्यूचा फोन चालू आहे. कळा या वेळी विरल्या नाहीत. डोकं दिसतं आहे. पाव तास, डॉक्टर म्हणतात, पाव तास फक्त काही मागे फिरायला नको—

दाराशी कुणीतरी. अनवाणी पावलं. तिच्या मागे बुटांच्या दोन जोड्या, जड. बिअरचा वास.

तिनं विचारलं. तोच प्रश्न.

ते दोघे दोर सोडवताहेत. ती कुणाचीच नसली तर परत न्यायला. कुणाची असली तर— तर दोर कुणासाठी, ते माझ्या मनगटांना ठाऊक आहे.

उघडतो. उत्तर ठरलेलं आहे. आधी हे. पेन्सिलीला टोक केलं. मिस ऑकलेंच्या डब्यात ठेवतो, त्यांना शोधावी लागायला नको. उसनी होती, परत क—