सेंदाचा फासा मी वाचतो

१० ऑगस्ट, शनिवार
आजपासून आमचं खेळाचं टेबल सर्वांसाठी खुलं. निर्णय माझा. जोसीबाई म्हणतात त्यांनी मागे लागून लागून माझ्याकडून करवून घेतला. असो. त्या शाळेत शिकवतात, श्रेय वाटून घ्यायची सवय नाही.

पुढच्या शनिवारी त्यांची शेजारीण सेंदा खेळायला येणार. जन्मापासून अंध. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींचे फोन घेते, म्हणजे अर्ध्या मारिकिना शहराच्या शिव्या तिच्या कानावरून गेल्या आहेत.

संकल्प: दोन आठवड्यांत ब्रेल शिकणे. तक्ता छापून घेतला, दुकानातच लॅमिनेट केला. बॅनर छापण्याच्या धंद्यात असल्याचा हा फायदा. शिवाय एक मोठा बॅनर केला, 'सर्वांसाठी खेळ'. त्यावर माझा फोटो. जरा मोठा झाला, पण चेहरा आश्वासक आहे. काकांच्या बंद पडलेल्या चपलांच्या कारखान्यात, जिथे आम्ही खेळतो, तिथे दारावर लावला.

आमच्यात खेळणारा ओबेत म्हणाला, हा बॅनर तिला वाचून कोण दाखवणार. ओबेत दातांच्या कवळ्या बनवतो. त्याच्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार
सेंदा आली. कातडं कापायच्या लांब टेबलाशी, माझ्या उजव्या हाताला बसवली. खेळ समजावला. कथा मी सांगायची, कारण मी सूत्रधार. आपलं पात्र काय करतं ते ज्याने त्याने सांगायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. मोठा आकडा पडला की जमलं. लहान पडला की बोंबला.

तिच्यासाठी मी खास पात्र लिहून आणलं होतं. भविष्य दिसणारी आंधळी साध्वी. पाच पानं. सेंदाने शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, या बाईला कधी भूक लागते का, दादा. मग म्हणाली, मला चोरटी माशाची चटणी बोटीतून पळवणारी बाई व्हायचंय. नाव काकाय. कमरेला सुरी, तोंडात शिवी. आंधळी असू दे, त्याची मला सवय आहे. साध्वी असण्याची नाही.

माझी पाच पानं जोसीबाईंनी चिचारोनच्या, म्हणजे डुकराच्या तळलेल्या सालीच्या, पिशवीखाली सारली.

सेंदाच्या फोनमध्ये फासा टाकून आकडा बोलून दाखवणारं ॲप आहे. मी नको म्हटलं. फासा हातात खुळखुळला पाहिजे, फोन बडबडला की माहोल जातो. तू टाक, मी वाचतो. ती बरं म्हणाली.

काकायने पहिल्याच डावात जकात चौकीच्या मनोऱ्यावरून उडी मारली. फासा पडला. दोन. सेंदा माझ्याकडे तोंड करून थांबली होती, ओठ घट्ट दाबून. माझ्या तोंडातून निघालं, सतरा. तिने टेबलावर थाप मारली आणि इतकी मोकळी हसली की सांगता सोय नाही. जोसीबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ओबेतने तोंडात टाकलेलं चिचारोन चावलंच नाही.

एकदाच केलं. पहिल्या दिवसाचं स्वागत म्हणून.

२४ ऑगस्ट, शनिवार
सहा पडला, चौदा वाचला. चार पडला, एकोणीस वाचला. एकदा खरोखर सोळा पडला. मला इतका आनंद झाला की सवयीने अठरा म्हणून बसलो.

कथेसाठी सूत्रधाराला थोडं इकडचं तिकडे करण्याचा अधिकार असतो. सगळे करतात. पडद्याआड करतात, मी उघड्यावर करतो, एवढाच फरक. उलट मी जास्त प्रामाणिक.

ओबेतचा योद्धा आज मेला. त्याचा आकडा मी जसा पडला तसा मोजला. जाताना म्हणाला, पुढच्या वेळी माझा फासापण तूच वाच ना रे, मी डोळे मिटून बसतो. खवचट माणूस.

ब्रेल: तक्ता घरी जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला, येता-जाता दिसावा म्हणून. त्यावर भाताचं पातेलं असतं.

१४ सप्टेंबर, शनिवार
सप्टेंबर लागला, दुकानांतून दरवर्षीप्रमाणे नाताळची गाणी सुरू झाली. काकाय अजिंक्य आहे. आज मगरींच्या खड्ड्यात एकटीच उतरली. मी वीस वाचला. खरा आकडा इथेही लिहीत नाही.

सेंदा जोसीबाईंना म्हणाली, ताई, तुम्ही फार विचार करता, म्हणून तुमचं अडतं. उडी मारायची आणि मोकळं व्हायचं. जोसीबाई बरं म्हणाल्या आणि बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत बसल्या.

तिचा हात भाग्याचा, हे आता गल्लीत पसरलं आहे. तिची मावशी लॉटरीचे आकडे तिच्याकडून काढून घेते. नाताळच्या सोडतीत डुकराची मांडी बक्षीस असते, तिची चिठ्ठीही सेंदाच उचलणार. अजून कुणालाच काही लागलं नाही. मावशी म्हणते, नशीब तापायला वेळ लागतो.

हे ऐकल्यावर चिचारोन खाववेना. बहुतेक शिळं होतं.

संकल्प: पुढच्या शनिवारपासून खरे आकडे. पण एकदम नको, धक्का बसेल. आधी एकोणिसाचे सोळा करायचे, मग हळूहळू खाली.

५ ऑक्टोबर, शनिवार
एक पडला. पंधरा म्हणालो. प्रगती आहे.

सेंदाने ऑगस्टमध्येच नियमांचं टिपण आणि काकायचं पान मागितलं होतं, तिचा फोन वाचून दाखवेल असं. परवा पाठवलं. मीच सजवलेलं, भोवती वेलबुट्टी, मस्त फोटो काढून. तिच्या फोनने वाचलं: चित्र. बास, एवढंच. तिने मला फोन केला आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, साहेब, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, आपल्या भागात पाणी येत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर मी हसलो नाही.

टाइप करायला तासभर पुरेल. पण नियम वाचले तर फासा किती वेळा वाकडा पडायला हवा हे तिला कळेल. हुशार आहे. सध्या दुकानात कामही फार आहे. नाताळनंतर बघू.

९ नोव्हेंबर, शनिवार
डिसेंबरात शेजारच्या केसोन सिटीला खेळांचा मेळा. त्यात स्पर्धा आहे. टेबल परकं, सूत्रधार परका, शेवटपर्यंत ज्याचं पात्र जगेल तो जिंकला. सेंदाने नाव दिलं. मला विचारलंसुद्धा नाही.

मी समजावलं. गर्दी असते, ट्रॅफिक असतं, पायऱ्या असतात. ती म्हणाली, दादा, मी रोज नोकरीला तिकडेच जाते.

जोसीबाईंनी मला मागे डिंकाच्या डब्यांपाशी नेलं. म्हणाल्या, आजच सांग. आम्ही गप्प बसलो ही आमची चूक, पण तोंड तुझं होतं, तेव्हा तूच सांग. मी म्हटलं, आत जातो आणि लगेच सांगतो. मनाची पूर्ण तयारी होती.

आत सेंदा ओबेतला सांगत होती की शाळेत स्पर्धेच्या दिवशी तिला मेडलांचं ताट धरायला द्यायचे. दरवर्षी. बाकीची मुलं धावून यायची, ताटातून मेडल उचललं की ताट हलकं व्हायचं, त्यावरून तिला कळायचं की कुणीतरी जिंकलं. यंदा ताट दुसरं कुणीतरी धरेल, म्हणाली.

ओबेत माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, सेंदा, तुझ्यासाठी बॅनर छापतो. 'भाग्याचा हात'. रंगीत.

असं का म्हणालो ते मला माहीत नाही.

७ डिसेंबर, शनिवार
मेळा. बॅनर सेंदाच्या खुर्चीमागे बांधला. तिचा हात, चौपट मोठा. येणारे-जाणारे थांबून फोटो काढत होते.

त्या टेबलाची सूत्रधार एक निळ्या केसांची मुलगी. मी पुढे झालो, म्हटलं हिचा फासा मी वाचतो, तशी आमची पद्धत आहे. मुलीने पिशवीत हात घातला आणि ब्रेलचा फासा काढून सेंदाला दिला. मीठ द्यावं इतक्या सहज. म्हणाली, ताई, हा तुमचा, तुम्हीच वाचा. सेंदाने तो बोटांनी फिरवून फिरवून पाहिला. असं काही असतं हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. जोसीबाईंनी मला जुलैमध्येच दाखवला होता.

तुटलेला पूल आला. बाकीचे दोर शोधायला लागले. काकायने उडी मारली. सेंदाने फासा टाकला, बोट लावलं आणि म्हणाली, पाच. पुन्हा बोट लावलं. काकाय लोंबकळत राहिली. मुलीने विचारलं, मदतीला हाक मारणार का. सेंदा म्हणाली, नको, मी चढते. पुन्हा टाकला. दोन.

संपलं. लोकांची कॉफी अजून गरम होती. मुलगी अगदी प्रेमाने म्हणाली, ताई, पहिल्यांदाच खेळताय का, होतं असं.

मी बॅनर सोडवून गुंडाळायला घेतला. गुंडाळताना तो फार आवाज करतो. सेंदाने विचारलं, कसला आवाज येतोय. मी म्हटलं, काही नाही.

८ डिसेंबर, रविवार
सेंदाचा फोन. तिने एकच विचारलं. पहिल्या दिवशी मनोऱ्यावरून उडी मारली तेव्हा काय पडलं होतं.

सतरा म्हणायचं जिभेवर आलं होतं. म्हटलं, दोन.

ती म्हणाली, हं. मग विचारलं, इतरांना दिसत होतं का. मी हो म्हटलं.  ती म्हणाली, मला वाटत होतं मी खेळतेय. खेळत तुम्ही होतात, मी नुसतं टाकत होते. कधी थांबायचं, कधी पळायचं, कधी दुसऱ्याला हाक मारायची, हे हरल्याशिवाय कसं कळणार. काल मला हाकसुद्धा मारता आली नाही.

मी म्हटलं, तुझ्या चांगल्यासाठीच केलं. ती म्हणाली, चांगलं कुणाचं झालं, दादा. चिडली नाही. लोकांच्या शिव्या ऐकून घेणारी बाई, मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मला लाज वाटते. एवढंच आहे आज लिहिण्यासारखं.

९ डिसेंबर, सोमवार
कालचं वाचलं. 'लाज' शब्द जरा जास्त झाला. गैरसमज म्हणता येईल. शनिवारी सेंदाला ब्रेलचा फासा भेट द्यायचा आणि छोटंसं भाषण करायचं. भाषण लिहायला घेतलं. दोन पानं झाली, अजून माफीपर्यंत पोचलो नाही.

१४ डिसेंबर, शनिवार
सगळ्यांना पुरतील एवढ्या शेवया, पानसित, घेऊन गेलो. कुणी आलं नाही. ओबेतचा मेसेज: आज सेंदाकडे खेळतोय. सूत्रधार तीच. जोसीबाईंनी आणि मी परवाच तिच्या घरी जाऊन पाय धरले, तू तुझं बघ.

पानसित एकट्याने खाल्लं. दारावरचा बॅनर काढला. उन्हाने माझा चेहरा तसाही उडाला होता.

११ जानेवारी, शनिवार
जोसीबाई म्हणाल्या, सेंदा म्हणतेय यायचं असेल तर ये, पण खेळाडू म्हणून. गेलो. मावशीच्या घरी, म्हणजे सेंदाकडेच, नाताळचा कंदील अजून टांगलेलाच. नियमांचं टिपण सगळ्यांच्या फोनवर आधीच आलं होतं. जोसीबाईंनी टाइप केलेलं. तासाभरात.

फासा सेंदाचा, ब्रेलचा. सगळ्यांनी तोच टाकायचा आणि ती वाचणार, कारण आमच्यापैकी कुणालाच ब्रेल येत नाही. भेट द्यायला नेलेला फासा मी खिशातच ठेवला. भाषणही.

माझा सरदार फार खानदानी होता. सेंदाने त्याला जकात चौकीच्या मनोऱ्यावर नेऊन उभा केला. खाली काकायची धाकटी बहीण बोट घेऊन थांबलेली. उडी मारायला पाच किंवा वर हवे होते. टाकला. सेंदाने बोट लावलं आणि म्हणाली, चार.

मी म्हटलं, नक्की? ती म्हणाली, तुम्हीच वाचा ना, दादा. सगळे थांबले. बोट लावलं. तीन ठिपके, त्यांच्या कडेला एक रेघ. आणखी काही कळलं नाही. ओबेत चिचारोन चावत होता, सावकाश, मजेत. सरदार मेला. मावशीने मला कॉफी ओतली.

आठवण म्हणून, असं सांगून फाशाचा फोटो काढला.

घरी आलो. भाताचं पातेलं उचललं, काचेखालून तक्ता काढला. ते तीन ठिपके एका बाजूने धरले तर चार. उलटे धरले तर आठ.

आठ. म्हणजे मी वाचलो होतो आणि तिने मुद्दाम चार म्हटलं. बदला घेतला. फार बरं वाटलं. आता ती आणि मी सारखे, फिटंफाट. आज झोप लागेल असं वाटलं. आकडा कुठून धरायचा एवढंच नक्की करायला तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं. फाशावर रेघ असते, ती खालच्या बाजूला धरायची.

फोटो तसा धरला.

चारच होता.