कोणत्या चुलीचं आवतन

३ जानेवारी, शनिवार

परत पडलं. आज तिसऱ्यांदा. दोन कप्पे उघडले, दोन्हीत खोटा रेडिओ लावला, चहा घेऊन येते तोवर स्क्रीन काळी.

वर्गाला सांगायचं ते आत्ताच लिहून ठेवते: कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एकाच मशीनमध्ये नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे करून देतो. प्रत्येकाचे पत्ते वेगळे, रस्ते वेगळे, याचं त्याला दिसत नाही. आणि मी वापरते तो ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमधला छोटा प्रोग्राम, मशीनला नसलेला वायफाय रेडिओ असल्यासारखा दाखवतो. हवासुद्धा खोटीच. आर्वीच्या आमच्या कॉलेजमध्ये खरे रेडिओ मागून मागून थकले, म्हणून हा उद्योग. प्रॅक्टिकल १७ला.

त्यात रा.चा मेल. (रा. म्हणजे राखणदार. कर्नलचा हा भाग सांभाळणारा परदेशातला माणूस, त्याचं खरं नाव मला उच्चारता येत नाही.) म्हणतो, ड्रायव्हर कप्प्यांसोबत चालत नाही, वापरणारंही कोणी दिसत नाही, १७च्या सं. सहापर्यंत दुरुस्त झाला नाही तर पुढच्या आवृत्तीतून काढून टाकतो. वापरणारं कोणी नाही म्हणे! मी काय भूत आहे? जूनमध्ये आमची मशीनं नव्या आवृत्तीवर जातील. मग पुन्हा फळ्यावर खडूने वायफाय शिकवा.

काढू देणार नाही.

६ जाने., मंगळ

गेडामभाऊंना (लॅब तेच सांभाळतात) मशीनजवळ बसवून तासाला गेले होते. आले तर पडलेलं.

"मॅडम, मी हातबी नाई लावला. दुसरा कप्पा उघडला का थोडा वेळ चांगलं राह्यते. मंग आपलंच आपण पडते."

आपलंच आपण! दोन आठवडे मी हुकूम कोणत्या क्रमाने देते त्यावर संशय घेत होते. कोणी काही न करता आत काय चालू असतं? टायमर. रेडिओ ठरावीक वेळाने 'मी इथे आहे' अशी हाक मारतो, ती बीकन. मारायला लावतो टायमर. पडतानाच्या स्क्रीनचे सहा फोटो आहेत माझ्या फोनमध्ये. सहाही फोटोंत शेवटची ओळ बीकनची. काढले, वाचले नाहीत. शाबास बाई.

८ जाने., गुरु

धरलं! टायमर हाक मारायला जातो तेव्हा कर्नल विचारतो, कोणत्या कप्प्यातून? याच्याकडे उत्तरच नाही. तिथेच कोसळतो.

एक ओळ घातली: उत्तर नसेल तर मुख्य कप्पा धर. दोन तास चालू ठेवलं, पडलं नाही. लगेच रा.ला पॅच (दुरुस्तीची ओळ) पाठवला. बसमध्ये रोहणा गावापर्यंत एकटीच हसत होते, बाजूची बाई सरकून बसली.

९ जाने.

रा.चं उत्तर, एकच ओळ: दुसऱ्या कप्प्यात हाक ऐकू येते का?

पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. नाही येत. सगळ्या हाका मुख्य कप्प्यातच जातात. पडणं तेवढं मी थांबवलं, काम झालंच नाही.

इतकी लाज आली की डबा तसाच परत आणला. आई म्हणे, "भाजी खारट झालती का?"

११ जाने., रवि

दादाच्या पोरीचं बारसं. सकाळपासून गडबड, ओल्या तुरीच्या सोल्याची भाजी झकास. काल रामभाऊ (गावातली आवतनं तेच देतात) चूलबंद आवतन देऊन गेलेले, म्हणजे अख्खं घर जेवायला, घरची चूल बंद. तरी दोन पंगती उठल्या, काकूकडचं कोणी नाही. अंगण एकच, त्यांचं दार आमच्यापासून वीस पावलांवर. आईचा चेहरा उतरलेला. दिवाळीत चुली वेगळ्या झाल्या तेव्हापासून दोघी जपून बोलतात.

शेवटी मीच गेले. काकू तुरी सोलत बसलेली.

"काकू, आली काऊन नाई?"

"आवतन नाई मले."

"रामभाऊ सांगून गेले नं काल. चूलबंद आवतन."

"कोणाले सांगून गेले? आंगनात मधात उभं राहून आवाज देल्ला अन् गेले. तुही माय 'हो' म्हणली, म्या आयकलं. माही चूल आता वेगळी हाय. मले कसं समजन का मलेबी बोलावलं?"

आईला येऊन सांगितलं. आई भडकली. "आंगन त एकच हाय! दोनदा काऊन सांगा लागते?"

मग पुढे अर्धं बारसं माझं लक्षच नव्हतं. अंगण एक, चुली दोन, आणि रामभाऊ मधोमध…

१२ जाने., सोम

तेच. अगदी तेच. ड्रायव्हर लिहिला गेला तेव्हा मशीनमध्ये चूल एकच होती, अंगणात हाक मारली की पुरत होतं. नंतर कर्नलने चुली वेगळ्या केल्या, टायमरला कोणी सांगितलंच नाही. आणि माझी ८ तारखेची हुशारी म्हणजे आईचंच म्हणणं: मोठ्या घरी सांगितलं की झालं!

आता रेडिओ जन्मतो तेव्हाच त्याची चूल लिहून ठेवते. टायमर हाक मारण्याआधी ती वाचतो, त्या दारात जातो, हाक मारतो, परत बाहेर येतो. एकूण नऊ ओळी.

दुसऱ्या कप्प्यात हाक ऐकू आली. मी खरंच "आली!" असं ओरडले. गेडामभाऊ धावत आले, "कोण आली?"

१४ जाने., संक्रांत

तिळगूळ घेऊन काकूच्या दारात गेले. उंबऱ्यापाशी उभं राहून रीतसर म्हटलं, आमच्या चुलीकडून तुमच्या चुलीला, रविवारी जेवायला, चूलबंद.

"बारसं त होऊन गेलं. कायचं आवतन?"

"दादाची पोरगी पाहाचं."

काकू पदराआड हसली. "येतो म्हणून सांगजो तुह्या मायले." आनंद झाला. आईलाही झाला, ती दाखवणार नाही.

१५ जाने.

सगळं नीट चालतं म्हणून कप्पा बंद करून पाहिला. पडलं.

चूल मोडली तरी टायमरला पत्ता नाही, तो जुन्याच दारात हाक मारायला जातो. कप्पा मोडण्याआधी टायमर थांबवून पाहिला तर मशीन गोठतं, कारण तो हाकेच्या मधोमध असतो. दिवस गेला. नऊ ओळींचा पॅच तेवढा पाठवला, बंद करण्याबद्दल काही लिहिलं नाही. का नाही लिहिलं ते मला माहीत आहे.

१७ जाने., शनि

प्रॅक्टिकल झालं! प्रत्येक जोडीचा कप्पा, प्रत्येकाचा रेडिओ, एकमेकांना सापडत होते. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, कप्पा कोणीही बंद करू नये. कोणी केला नाही.

चार वाजता रा.चा मेल: माझ्याकडेही चालतं, छान. ठेवायला हरकत नाही. कप्पा बंद करून पाहिलंत ना?

'हो' लिहिलं तरी ते खोटं नव्हतं. पाहिलं तर होतंच.

गेडामभाऊ कुलूप घेऊन आले. "मॅडम, मशीन बंद करू का?"

"नका."

पाच वाजता लिहिलं: पाहिलं. पडतं. कारण कळलंय, दुरुस्ती अजून नाही, आणखी आठवडा हवा. गुरुवारीच सांगायला हवं होतं. वापरणारं कोणी नाही हे मात्र चूक आहे, आज आमचा अख्खा वर्ग वापरत होता.

पाठवलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली. उत्तर नाही. शेवटची बस सुटायची आहे, कप्पे उघडेच आहेत, मशीन चालूच ठेवून जाते.